केमिस्ट्रीने डोकं बधिर झालंय, कुठून सुरू करू तेच कळत नाहीये

अर्धवट_समीकरण | रात्री १.१२

आधीच सांगते, धागा रडगाण्याचा आहे, ज्यांना नको असेल त्यांनी इथूनच मागे फिरा.

परीक्षेला दीड महिना राहिलाय. बाकीचे विषय बरे चाललेत, म्हणजे ठीकठाक, पण केमिस्ट्री उघडली की पोटात गोळा येतो. आज चार तास इक्विलिब्रियम (रिअ‍ॅक्शन दोन्ही दिशांनी सारख्या वेगाने चालते तो समतोल) घेऊन बसले होते. तोच धडा तीनदा वाचला, हायलायटर मारून मारून पान इतकं पिवळं झालंय की आता न रंगवलेल्या दोन ओळीच महत्त्वाच्या वाटतात. आणि पुस्तक मिटून पहिलं गणित घेतलं तर पाटी कोरी. काहीच नाही. वाचताना सगळं कळत असतं हो, शप्पथ, मान डोलवत वाचत असते मी.

बरं एकच विषय असता तर ठीक, हा तर तीन विषयांचा गठ्ठा आहे. फिजिकल म्हणजे फॉर्म्युले आणि युनिट्स, ऑरगॅनिक म्हणजे शंभर रिअ‍ॅक्शन आणि प्रत्येकीला कोणाचं तरी आडनाव, इनऑरगॅनिक म्हणजे एक नियम आणि मग त्याचे सात अपवाद. एक धरलं की दुसरं सुटतं. काल डेल्टा जी (रिअ‍ॅक्शन आपोआप पुढे जाईल का ते सांगणारा आकडा) काढायचं साधं गणित होतं, माझं उत्तर आलं ५९,१२०, पुस्तकात मागे उणे ३३. म्हणजे थोडंबहुत चुकलं असंही नाही, दुसऱ्या ग्रहावरचं उत्तर.

मैत्रीण म्हणते "अगं पाठ नाही करायचं, लॉजिक आहे त्यात". कुठे आहे लॉजिक? दाखवा मला.

आज रागात पुस्तक भिंतीवर फेकलं. बाइंडिंग सुटलं. मग चिकटपट्टी लावत बसले आणि लावता लावता रडले. खरंच विचारतेय, काही लोकांच्या डोक्यात हा विषय जातच नाही असं असतं का?

निळा_लिटमस | रात्री १.२०

+१. काहीही उपयोगाचं सांगण्यासारखं माझ्याकडे नाही, फक्त मी पण जागा आहे आणि मी पण इक्विलिब्रियमवरच अडकलोय एवढं सांगायला आलो. पिवळ्या पानाचं वाचून हसलो, माझं हिरवं आहे.

कडवट | रात्री १.३१

रात्री एक वाजता धागा काढायला वेळ आहे, झोपायला नाही. विषय अवघड नाहीये, झोप अपुरी आहे. उद्या सकाळी तेच गणित घ्या आणि बघा.

अर्धवट_समीकरण | रात्री १.३४

@कडवट झोप येत असती तर झोपले नसते का. असो.

साधा_प्रश्न | रात्री १.४०

कडवट यांचा प्रतिसाद नावाला जागणारा आहे पण झोपेबद्दल बोलले ते खोटं नाही. जा झोप. धागा कुठे पळून जात नाही.

जुनी_परीक्षानळी | सकाळी ६.५५

२८ वर्षं हा विषय शिकवला, आता निवृत्त आहे, त्यामुळे सकाळी सकाळी मोठा प्रतिसाद लिहायला मोकळी.

मुली, आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, तसं नसतं. पण हा विषय इतर विषयांपेक्षा वेगळ्या पद्धतीने अवघड आहे आणि ते आम्ही शिकवणारे वर्गात सांगत नाही, कारण आम्हाला स्वतःला ते जाणवायचं बंद झालेलं असतं.

ग्लासगो विद्यापीठात अ‍ॅलेक्स जॉनस्टन म्हणून रसायनशास्त्र शिकवण्याचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक होते, त्यांनी १९९१ मध्ये एक त्रिकोण मांडला. म्हणजे केमिस्ट्री एकाच वेळी तीन ठिकाणी चालते. एक, जे डोळ्यांना दिसतं: रंग बदलला, बुडबुडे आले, नळी गरम झाली. दोन, जे कधीच दिसणार नाही: अणू, रेणू, आयन, त्यांची धडकाधडकी. आणि तीन, जे कागदावर असतं: चिन्हं, समीकरणं, बाण, आकडे. जाणकार माणूस या तिघांत एका वाक्यात तीन उड्या मारतो. "यात आम्ल घातलं, हायड्रोजन आयन वाढले, म्हणून ही किंमत खाली आली." झाल्या की तीन उड्या. बोलणाऱ्याला कळलंही नाही, आणि ऐकणाऱ्याचा पहिल्या उडीतच पाय मुरगळला. डोक्यात एका वेळी मावणाऱ्या गोष्टी मोजक्याच, त्यात तीन कोपरे सांभाळायचे म्हणजे डोकं भरून वाहायला लागतं. तू जे "बधिर" म्हणतेयस ना ते हेच.

मग विद्यार्थी काय करतो, दोन कोपरे सोडून देतो आणि फक्त कागदावरचा धरतो. चिन्हं हलवत बसतो. ती हलवताना "कळतंय" असं वाटतं सुद्धा.

माझा अंदाज खरा की खोटा बघायचं असेल तर एक गणित देते. पुस्तक न उघडता कर, आणि उत्तर कसं काढलंस तेही लिही, नुसता आकडा नको.

१० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन बंद भांड्यात घेतले आणि ठिणगी दिली. पाणी किती ग्रॅम तयार होईल?

रात्रपाळी | सकाळी ७.३०

वरच्या ताईंचं गणित चालू द्या, मी फक्त त्या ५९,१२० वर लिहितो कारण आकडा बघताक्षणी ओळख पटली. अमोनियाचं गणित ना? डेल्टा एच (उष्णतेतला बदल) उणे ९२.२ आणि डेल्टा एस (एन्ट्रॉपीतला, म्हणजे विस्कळीतपणातला बदल) उणे १९८.७, तापमान २९८ केल्विन? डेल्टा जी म्हणजे डेल्टा एच वजा तापमान गुणिले डेल्टा एस.

पहिला किलोज्यूलमध्ये आहे, दुसरा ज्यूलमध्ये. तू २९८ ला १९८.७ ने गुणलंस, ५९,२१२.६ आले, त्यातून थेट ९२.२ वजा केलेस. ज्यूलमधून किलोज्यूल वजा. ५९,२१२.६ ला आधी १००० ने भाग, ५९.२ येतात, मग उणे ९२.२ अधिक ५९.२ म्हणजे उणे ३३. तुझी पद्धत शंभर टक्के बरोबर होती. फॉर्म्युला बरोबर, चिन्हं बरोबर (आणि तिथे उणे-उणे अधिक करताना भलेभले घसरतात). फक्त युनिट. म्हणजे तू "दुसऱ्या ग्रहावर" नव्हतीस, दारापर्यंत येऊन चावी उलटी लावलीस.

मी प्रयोगशाळेत काम करतो, नऊ वर्षं झाली. वायूचा स्थिरांक आर, त्याच्या दोन किमती, ८.३१४ आणि ०.०८२१, कुठली कुठल्या युनिटला, हे माझ्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलेलं आहे. पाठ आहे तरी चिकटवलेलं आहे. एकदा मिली आणि मायक्रोच्या घोळात हजारपट चुकीचं द्रावण करून सगळ्यांचा अख्खा दिवस वाया घालवलाय मी. तेव्हापासून आकड्याशेजारी युनिट लिहिल्याशिवाय पुढची ओळ लिहीत नाही. कंटाळवाणं आहे. चालतं.

निळा_लिटमस | सकाळी ७.५२

रात्रपाळी, याच रिअ‍ॅक्शनवर माझा एक प्रश्न कधीपासून आहे, विचारतोच. डेल्टा जी शून्य कुठे होतो ते काढलं, ९२,२०० भागिले १९८.७, साधारण ४६४ केल्विन, म्हणजे १९१ अंश सेल्सिअस. त्याच्या वर गेलं की डेल्टा जी अधिक. मग कारखान्यात अमोनिया ४५० अंशाच्या आसपास का बनवतात?? पुस्तक म्हणतं तसं, आणि मग मला सगळंच खोटं वाटायला लागतं.

रात्रपाळी | सकाळी ८.०५

भारी प्रश्न. खोटं काही नाही, पुस्तक दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच परिच्छेदात देतं म्हणून घोळ होतो. डेल्टा जी सांगतो की गाडी कुठल्या गावापर्यंत जाऊ शकते. किती वेळात पोचेल ते तो सांगत नाही. नायट्रोजनमधला तिहेरी बंध इतका चिवट आहे की कमी तापमानाला लोखंडाचा उत्प्रेरक घालूनही रिअ‍ॅक्शन रांगत जाते. म्हणून तापमान वाढवून वेग घ्यायचा आणि त्यात जे उत्पन्न घटतं ते दाब वाढवून थोडं परत मिळवायचं, २०० वातावरण वगैरे, कारण समीकरणात डावीकडे वायूचे चार मोल (मोल म्हणजे रेणू मोजायचं माप; नायट्रोजनचा एक, हायड्रोजनचे तीन) आणि उजवीकडे अमोनियाचे दोन. तरी एका फेरीत साधारण १५ टक्केच अमोनिया होतो. तो थंड करून बाजूला काढायचा, उरलेला वायू पुन्हा आत. आणि तू काढलेला ४६४ हा प्रमाण दाबाचा आकडा आहे, २०० पट दाबाला तो लागू नाही. डेल्टा जी अधिक म्हणजे "होतच नाही" असंही नसतं, थोडं होतं आणि थांबतं.

अर्धवट_समीकरण | सकाळी १०.१८

उठले. @रात्रपाळी मी आत्ता पाच मिनिटं नुसती बघत बसले. कालची संध्याकाळ पूर्ण गेली माझी त्या गणितावर. आणि चूक १००० ने भागायची???? आनंद मानू की अजून एकदा पुस्तक फेकू.

परीक्षानळी मॅडम, तुमचं गणित. हे येतं मला. हायड्रोजनचे २ मोल, ऑक्सिजनचा १, त्यातून पाण्याचे २ मोल. हायड्रोजन १० ग्रॅम म्हणजे ५ मोल. म्हणजे पाणी ५ मोल. ५ गुणिले १८, ९० ग्रॅम.

निळा_लिटमस | सकाळी १०.२५

माझं पण ९०

निळा_लिटमस | सकाळी १०.२६

थांबा थांबा. नाही.

जुनी_परीक्षानळी | सकाळी १०.४०

मला मॅडम म्हणू नकोस, त्यातून आत्ताच सुटलेय.

भांड्यात एकूण माल किती घातला होता आपण? १० आणि ६४. ७४ ग्रॅम. त्यातून तू ९० ग्रॅम पाणी काढलंस. वरचे १६ ग्रॅम कुठून आणले?

अर्धवट_समीकरण | सकाळी १०.४३

अरे देवा.

अर्धवट_समीकरण | सकाळी ११.०२

ठीक आहे. पुन्हा केलं. ऑक्सिजन ६४ ग्रॅम म्हणजे २ मोल. २ मोल ऑक्सिजनला हायड्रोजनचे ४ मोलच लागतात. पाणी ४ मोल, ७२ ग्रॅम. हायड्रोजनचा १ मोल उरला, २ ग्रॅम. ७२ आणि २, ७४. जुळलं.

पण मला आता जास्त राग येतोय. लिमिटिंग रिएजंट (जो पदार्थ आधी संपतो आणि किती माल होणार ते ठरवतो) म्हणजे काय हे मला झोपेत विचारा, व्याख्या सांगेन, शब्दन् शब्द. त्या धड्याखालची सगळी गणितं केलीत मी, बरोबर आली होती. मग आत्ता का नाही सुचलं? प्रश्नात "लिमिटिंग" शब्द नव्हता म्हणून?

जुनी_परीक्षानळी | सकाळी ११.३०

हो. अगदी तेवढ्यासाठीच.

त्या धड्याखालची गणितं करताना हत्यार कुठलं हे धड्याच्या नावातच लिहिलेलं असतं. तू हत्यार चालवायला शिकलीस, निवडायला शिकली नाहीस, कारण निवडायची वेळच आली नाही. म्हणून वेगवेगळ्या धड्यांची गणितं चिठ्ठ्यांवर लिही, पिसून टाक आणि उचलून सोडव. सुरुवातीला आत्ताच्यापेक्षा जास्त चुकशील आणि जास्त वैताग येईल, ते आधीच सांगून ठेवते.

दुसरं. तू ९० लिहिताना भांडं डोळ्यासमोर नव्हतं, फक्त २, १, २ हे आकडे होते. सायकलच्या ५ सांगाड्यांना ४ चाकं दिली आणि विचारलं सायकली किती होतील, तर तू ५ म्हणाली असतीस का? तिथे चूक होणार नाही कारण सायकल दिसते. मोल दिसत नाही. मोल म्हणजे नुसती मोजणी आहे ग, ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात एवढे नग, डझनाचा मोठा भाऊ. खिळे एकेक न मोजता एका खिळ्याच्या वजनावरून ढिगातले किती ते काढतो, तसंच १८ ग्रॅम पाणी म्हणजे एक मोल. २०१९ पासून तर तो आकडाच व्याख्येत पक्का करून टाकलाय, पूर्वीसारखा १२ ग्रॅम कार्बनवर टांगलेला नाही. इक्विलिब्रियममध्ये अडकलीस असं तुला वाटतंय. माझ्या मते तू मोलमध्ये अडकली आहेस आणि त्याचं व्याज इक्विलिब्रियममध्ये भरतेयस.

साधा_प्रश्न | दुपारी १२.१०

व्याज भारी!

बाणवाली | दुपारी १.४५

ऑरगॅनिकवर कोणी बोललं नाही म्हणून मी येते, माझा जीव आहे त्याच्यावर (हो असे लोक असतात).

मीही आधी शंभर रिअ‍ॅक्शनचे तक्ते करून खोलीभर लावले होते. काही उपयोग झाला नाही. चित्र पालटलं ते एका सवयीमुळे: प्रत्येक रिअ‍ॅक्शन बघितली की आधी विचारायचं, इलेक्ट्रॉन जास्त कोणाकडे आहेत आणि कमी कोणाकडे. बस. जास्तवाल्याकडून कमीवाल्याकडे बाण. ते वाकडे बाण १९२२ पासून काढतायत, केर्मॅक आणि रॉबिन्सनने सुरू केले, आणि त्यांचा एकच कडक नियम आहे की बाण इलेक्ट्रॉनपासून निघतो. पहिल्या वर्षी मी एच प्लसपासून (हायड्रोजन आयनपासून) बाण काढायचे. एच प्लसकडे इलेक्ट्रॉनच नाहीत, तो बिचारा काय देणार! तो घ्यायला आलाय.

एवढं बसलं की "आडनावं" कमी होतात, कारण वीस वेगळ्या नावांच्या रिअ‍ॅक्शन आतून एकच निघतात. कार्बोनिलचा (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा) कार्बन भुकेला असतो कारण ऑक्सिजन त्याचे इलेक्ट्रॉन ओढून बसलाय, मग त्याच्यावर कोण येऊन आपटतं त्याप्रमाणे नाव बदलतं फक्त. एसएन-टू मध्ये (एक गट मागून येऊन दुसऱ्याला हाकलतो ती रिअ‍ॅक्शन) रेणू उलटा का होतो? मागून धक्का बसला की वाऱ्यात छत्री उलटते तसे बाकीचे तीन हात पलीकडे जातात. हे मी पाठ केलेलं नाही, मला ते दिसतं. आणि कागदावर सपाट काढून कधीच दिसलं नसतं, मी काड्या आणि मातीचे गोळे करून रेणू बनवायचे. लहान मुलासारखं वाटतं, वाटू दे.

थोडं पाठ करावंच लागतं पण. कुठला रिएजंट काय करतो याची एक यादी असतेच, ती लॉजिकने येत नाही. तुझी मैत्रीण अर्धंच खरं बोलली.

साधा_प्रश्न | दुपारी २.२०

माझी तक्रार इनऑरगॅनिकवर. अणूत इलेक्ट्रॉन बसायचे कप्पे असतात, त्यातला ४एस आधी भरतो ना ३डी च्या? मग आयन होताना ४एस चेच इलेक्ट्रॉन आधी का जातात? लोखंड ३डी ६, ४एस २, आणि आयर्न-टू झालं की ३डी ६ तसेच, ४एस रिकामा. आधी आला तो आधी गेला. रांगेचा नियम आहे का हा?

बाणवाली | दुपारी २.५०

"आधी भरतो" हा शब्दच फसवा आहे. ती एका अणूत वेळेनुसार घडणारी गोष्ट नाहीये, वेगवेगळ्या मूलद्रव्यांची तुलना आहे. केंद्रकात प्रोटॉन वाढत जातात तशी ३डी ची पातळी खाली जाते, लोखंडापर्यंत येईस्तोवर ४एस चे इलेक्ट्रॉन सर्वात बाहेरचे आणि सैल पकडलेले असतात, तेच आधी जातात. आणि क्रोमियमचा (३डी ५, ४एस १) "अर्धा भरलेला म्हणून स्थिर" हा नियम पण कामचलाऊच समज, त्याच रकान्यात खाली टंगस्टन बसलाय तो पाळत नाही, ५डी ४, ६एस २.

साधा_प्रश्न | दुपारी २.५३

म्हणजे अपवादाला अपवाद. छान. तक्रार मागे घेत नाही.

सोडून_दिलेला | संध्याकाळी ५.१५

सगळे उपाय सांगतायत, मी वेगळं सांगतो. मी दोन वर्षं झगडून केमिस्ट्री सोडली, दुसरीकडे गेलो, आज व्यवस्थित आहे. सोडणं म्हणजे हरणं नाही. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट यायलाच हवी असा काही कायदा नाही. धागाकर्तीने स्वतःला हेही विचारावं की हे पुढे हवंय का मला.

कडवट | संध्याकाळी ५.४०

दीड महिन्यावर परीक्षा असताना हा सल्ला? सोडायचं तर निकालानंतर सोडा. परीक्षेच्या तोंडावर माणसाला सगळंच सोडावंसं वाटतं, मला तर श्वास घेणं सोडावंसं वाटायचं.

सोडून_दिलेला | संध्याकाळी ५.४८

मी आज सोड म्हटलेलं नाही. पर्याय आहे हे माहीत असलं तर छातीवरचं ओझं कमी होतं एवढंच म्हणतोय. माझं झालं होतं.

अर्धवट_समीकरण | संध्याकाळी ६.३०

दोघांनाही धन्यवाद, भांडू नका. मला पुढे हवंय हे. म्हणजे नको असतं तर एवढा राग आला नसता बहुतेक.

पुन्हा_पहिल्यापासून | रात्री ८.१०

वय ४१, नोकरी सांभाळून पुन्हा शिकतेय, वर्गात सगळी माझ्या निम्म्या वयाची मुलं. मी पण हात टेकले होते. मला कशाने बरं वाटलं सांगू? इतिहासाने.

अ‍ॅव्होगाड्रोने १८११ मध्ये सांगितलं की सारख्या तापमानाला, सारख्या दाबाला, सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणूंची संख्या सारखी. त्यावरून पाण्यात हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक हे निघतं. पण डाल्टन पाण्यात एकास एक धरून बसला होता आणि पुढची जवळजवळ ५० वर्षं मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ एकाच पदार्थाची वेगवेगळी सूत्रं लिहीत होते. अणू कशाला म्हणायचं, रेणू कशाला, यावरच एकमत नाही. केकुलेच्या १८६१ च्या पुस्तकात एकट्या अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची १९ सूत्रं आहेत. एकोणीस! हाच केकुले ज्याने पुढे १८६५ मध्ये बेंझीनचं कडं दिलं. शेवटी १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला परिषद भरवावी लागली, तिथे कानिझारो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अ‍ॅव्होगाड्रोचं म्हणणं पुन्हा समजावलं तेव्हा गाडी हळूहळू रुळावर आली. त्या परिषदेला मेंडेलीव्हपण होता. आणि १८६९ ला त्याने तक्ता मांडला तो कसा, तर विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहायला बसला होता आणि मूलद्रव्यं कुठल्या क्रमाने शिकवावीत ते जुळेना म्हणून!

म्हणजे जे आपण एका आठवड्यात "मूलभूत संकल्पना" म्हणून उरकतो, ते पचवायला त्या काळच्या हुशारातल्या हुशार माणसांना अर्धं शतक लागलं. मला मोल कळायला तीन महिने लागले. मी त्यांच्यापेक्षा फास्ट आहे.

निळा_लिटमस | रात्री ८.१४

शेवटची ओळ वहीवर लिहून घेतली.

जुनी_परीक्षानळी | रात्री ९.००

छान लिहिलंय. मी वर्गात हे सांगायचे तेव्हा मुलं विचारायची, परीक्षेला आहे का.

अर्धवट, एक राहिलं. तू वाचताना कळतं आणि मिटलं की कोरं म्हणालीस. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहिणारे पुढे, चांगलेच. म्हणजे त्या क्षणी आपल्याला जे "येतंय" वाटतं ती भावनाच दगा देते. हायलायटर ड्रॉवरमध्ये टाक. अर्धा तास वाच, मिटव, कोऱ्या कागदावर उतरव, भले चार ओळी आल्या तरी. मग उघडून काय सुटलं ते दुसऱ्या शाईने लिही. दुसऱ्या शाईचं तेवढंच उद्या करायचं.

आणि रडणं एखाद्या दिवशी ठीक आहे. रोजचं झालं, झोप उडाली, जेवण जाईना, तर विषय बाजूला ठेव आणि घरातल्या कोणाशी किंवा समुपदेशकाशी बोल. तिथे कुठलीही रिअ‍ॅक्शन कामाची नाही.

अर्धवट_समीकरण | १२ दिवसांनी, रात्री १०.२०

धागा वर काढतेय, सॉरी.

खूप काही बदललं असं नाही. कोरा कागद पहिल्या दिवशी इतका कोरा राहिला की पुन्हा पुस्तक फेकावंसं वाटलं, पण चिकटपट्टी संपली होती म्हणून फेकलं नाही. इक्विलिब्रियम आठवडाभर उघडलंच नाही, फक्त मोल आणि सांद्रता, सगळ्यात सोप्या गणितांपासून, लाज वाटेल इतक्या सोप्या. चिठ्ठ्या केल्या, ५० आहेत. पहिल्या दहात सात चुकल्या. काल दहात चार. इनऑरगॅनिक अजून हात लावलेला नाही, भीती वाटते. काड्या-गोळ्यांचा रेणू केला, भाऊ हसला, मग त्यानेच एक बनवला.

आज एक चिठ्ठी आली: हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं १० चा उणे ८ वा घात मोलर द्रावण, पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) काढा. मी फटकन ८ लिहिलं. मग पेन खाली ठेवणार तेवढ्यात वाटलं, थांब, हे आम्ल आहे ना. कितीही पातळ केलं तरी आम्ल पाण्यात टाकून अल्कली कसं होईल? ७४ ग्रॅममधून ९० काढल्यासारखंच झालं हे. मग सुचलं की पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन पण असतात, १० चा उणे ७ वा घात, म्हणजे माझ्या आम्लापेक्षा दसपट, आणि मी त्यांना मोजलंच नाही. पण नुसती बेरीज करायची का? ती केली तर ६.९६ येतं. मागे उत्तर ६.९८ आहे.

जुनी_परीक्षानळी | रात्री १०.२८

नुसती बेरीज नाही. तुझं आम्ल आल्यावर पाण्याने स्वतःचे आयन थोडे आवरते घेतले. पाण्याचे किती ते एक्स धर. एकूण हायड्रोजन आयन म्हणजे एक्स अधिक १० चा उणे ८ वा घात, हायड्रॉक्साइड एक्स. गुणाकार १० चा उणे १४ वा घात.

अर्धवट_समीकरण | रात्री १०.३९

आलं. एक्स ९.५१ गुणिले १० चा उणे ८ वा घात. एकूण १.०५ गुणिले १० चा उणे ७. पीएच ६.९८!! आणि हे आवरतं घेणं म्हणजे इक्विलिब्रियमच की हो. न उघडता केलं मी.

साधा_प्रश्न | रात्री १०.४१

आता तेच अजून १०० पट पातळ कर. मग किती?

अर्धवट_समीकरण | रात्री १०.४४

७ च्या अगदी खाली. ओलांडणार नाही. आकडा उद्या काढते, आता झोपते.

कडवट | रात्री १०.४५

पावणेअकरा. प्रगती आहे.